खाऱ्या वाऱ्यात मडकी सुकवताना

सागाच्या पानाचा ठसा मातीवर उठवायला दोन मिनिटं लागतात. मातीची जाड पोळी लाटायची, पान पालथं घालायचं, वरून लाटणं फिरवायचं आणि देठाकडून पान हळूच सोलून घ्यायचं. शीर न् शीर उमटलेली असते. बघणारे खूश होतात. ती दोन मिनिटं सोडली तर बाकीचा सगळा वेळ माती गाळण्यात, वारा चुकवण्यात आणि आच सांभाळण्यात जातो, आणि त्यातलं काहीच तयार भांड्यावर दिसत नाही.

मी वेंगुर्ले तालुक्यात राहते. किनाऱ्यावर, सड्यावर म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, भाताच्या मळ्यांत जे दिसतं ते भांड्यांत आणायचा उद्योग काही वर्षांपूर्वी सुरू केला. तेव्हा मला वाटायचं, नक्षी जमली की काम झालं. आता कोणी शिकायला आलं तर मी नक्षीचा विषय शेवटी काढते.

आधी माती. कोकण म्हटलं की लाल माती, आणि म्हणून लाल मडकी, असा बाहेरच्यांचा समज असतो. जांभ्याची झीज होऊन झालेल्या त्या लाल मातीत लोह भरपूर, खडेही भरपूर, पण चिवटपणा नाही. तिची वळी करून बोटाला गुंडाळायला जा, मधेच तुटते. मडक्याला लागते ती सखल जागची माती. भाताच्या मळ्यात वरचा थर बाजूला केला की खाली लागणारी राखाडी, चिकट माती, नाहीतर जुन्या तळीचा गाळ. पावसाच्या पाण्याबरोबर वाहत आलेले सगळ्यांत बारीक कण अशा ठिकाणी येऊन बसतात, आणि चिवटपणा त्या बारीक कणांतच असतो. भाजल्यावर ही राखाडी मातीही लालच होते, कारण तिच्यातही लोह आहेच.

मी ज्यांच्याकडे शिकले त्या काकी कुडाळकडच्या एका गावातल्या. सासर-माहेर दोन्ही कुंभारांचं. त्या माती बघायला आल्या की पहिल्यांदा चिमूटभर जिभेवर ठेवतात. खाडीकाठच्या एका मळ्यातली माती मला फार आवडली होती, हाताला मऊ, एक खडा नाही. काकींनी चाखली आणि थुंकली.

"खारी आसा गो. भाजलंस काय वर पांढरा फुटतला."

तसंच असतं. मातीत मीठ असेल तर सुकताना पाणी ते पृष्ठभागावर घेऊन येतं, पाणी उडून जातं आणि मीठ तिथेच राहतं. भाजल्यावर लाल भांड्यावर पांढुरके डाग पडतात, ते घासून जात नाहीत. तेव्हापासून समुद्राच्या वाळूलाही मी मातीच्या जवळ येऊ देत नाही. समुद्राचं रूप घ्यायचं, समुद्राचा माल घ्यायचा नाही.

माती काढायची वैशाखात, पाऊस पडायच्या आत. घरी आणून ढेकळं फोडून ती आधी कडकडीत वाळवायची. हे मला उलटं वाटलं होतं. ओली करायचीच आहे तर सुकवायची कशाला? पण अर्धवट ओल्या ढेकळावर पाणी ओतलं तर ते बाहेरून बुळबुळीत होतं आणि आत तसंच घट्ट राहतं. पूर्ण कोरडं ढेकूळ मात्र पाण्यात टाकताच बुडबुडे सोडत आपोआप विरघळून बसतं. कणांच्या मधल्या रिकाम्या जागेत पाणी झपाट्याने शिरतं आणि ढेकूळ आतून फुटतं. काकींचं वाक्य एवढंच, "तिका तान लागूक व्हयी, मगे ती पानी पिता."

मग तो पातळ गाळ जुन्या साडीतून गाळायचा. मुळं, खडे, भाताचे धसकट वर राहतात. खाली बसलेल्या गाळातलं पाणी काढून टाकलं तरी उरतो तो लगदाच. शहरातले कलाकार तो आटवायला प्लास्टरच्या लाद्या वापरतात. आमच्याकडे घराच्या मागे उतरवलेली मंगलोरी कौलं रचलेली असतात. सच्छिद्र भाजकी माती ती. लगदा तिच्यावर पसरला की कौल पाणी ओढून घेतं आणि दुसऱ्या दिवशी माती उचलून मळायला तयार. कौल उन्हात टाकलं की पुन्हा कामाला.

फुटकी कौलंही मी टाकत नाही. कुटून, चाळून त्यांची भरड करते आणि मातीत मिसळते, साधारण पाच भाग मातीला एक भाग. नुसती बारीक माती सुकताना फार आक्रसते. आमच्या मातीवर ओली असताना दहा सेंटिमीटरची रेघ मारली तर सुकून-भाजून ती नऊच्या आसपास येते. कौल एकदा भाजलेलं असल्यामुळे ते आता आक्रसत नाही, त्यामुळे भरड जिथे असते तिथे माती ओढ धरून राहते, तडे कमी जातात. नदीची वाळूही चालते, काकी तीच घालतात. मला कौलाची भरड आवडते, कारण तिचा रंग मातीत मिसळून जातो आणि भांड्याचा पृष्ठभाग सड्यावरच्या कातळासारखा खरखरीत लागतो.

आता नक्षीकडे यायला हरकत नाही.

पानांत निवड असते. अळवाच्या शिरा जाड, पण पान इतकं रसदार की लाटण्याखाली फाटतं. नीरफणसाचं पान खोल कातरलेलं, मोठ्या थाळीला शोभतं. नेच्यांची पानं पावसात सड्याच्या कडेला हवी तेवढी, त्यांचा ठसा बारीक येतो आणि लेप दिल्यावर बुजून जातो. साग सगळ्यांत भरवशाचा. त्याच्या पालथ्या बाजूच्या शिरा ठळक, पान जाड, आणि मातीला चिकटून बसत नाही. ठसा नेहमी पालथ्या बाजूचाच घ्यायचा. पण खरं सांगायचं तर पानांच्या थाळ्यांचा मला कंटाळा आलाय. लोक मागतात म्हणून करते. पान लाटलं, पान उमटलं. त्यात माझं काय?

ज्याने मला खरोखर गुंतवून ठेवलं ती ओहोटीची वाळू. पाणी मागे गेल्यावर ओल्या वाळूवर ज्या लाटालाटांच्या रेघा राहतात त्या मला एका पसरट वाडग्याच्या आतल्या अंगाला हव्या होत्या. सरळ उपाय म्हणजे बांबूची दातेरी फणी फिरवायची. फिरवली. रेघा आल्या, सुबक, समांतर, एकसारख्या अंतरावर, आणि वाडगा कारखान्यातून आल्यासारखा दिसायला लागला. मग सकाळी ओहोटीला जाऊन मी त्या रेघा नुसत्या बघत बसायला लागले. एक गोष्ट लगेच कळली. वाळूतली रेघ शेवटपर्यंत एकटी जात नाही. मधेच तिला फाटा फुटतो, दोन होतात, पुढे कुठेतरी दोन मिळून एक होतात. दुसरी गोष्ट जरा उशिरा कळली. जिथे पाणी नुसतं पुढे-मागे हलत होतं तिथे रेघेचे दोन्ही उतार सारखे असतात. जिथे पाणी एका दिशेने वाहत होतं, म्हणजे खाडीच्या मुखाशी किंवा ओहोळाच्या तोंडाशी, तिथे एक उतार लांब आणि पाणी जिकडे गेलं त्या बाजूचा आखूड, उभट. म्हणजे पाणी निघून गेलं तरी ते कुठून कुठे गेलं हे रेघ सांगते.

हे कळल्यावर फणी ठेवून दिली. करवंटीचा एक तुकडा घासून त्याला बोथट कड केली आणि अर्धवट सुकलेल्या मातीवर ती एका बाजूला कलती धरून ओढायला लागले. कलती धरल्यामुळे एक उतार आपोआप लांब येतो. फाटा हवा तिथे मनगट थोडं वळवायचं. वाडग्याच्या एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे पाणी वाहून गेलं असावं असं दिसतं, आणि त्यात खरोखर कढी ओतली तर ती रेघांमधून तशीच पसरते. एवढं साधायला मला एका नक्षीवर किती माती परत मळावी लागली त्याचा हिशेब ठेवलेला नाही. ओली माती परत मळता येते, हा या धंद्यातला सगळ्यांत मोठा दिलासा.

दुसरी गोष्ट छोट्या खेकड्यांची. भरती उतरली की वाळूत बारीक भोकं दिसतात आणि प्रत्येक भोकाभोवती वाळूच्या मोहरीएवढ्या, ज्वारीएवढ्या गोळ्यांची रांगोळी. खेकडा वाळू तोंडात घेऊन तिच्यातलं खाण्याजोगं तेवढं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. भोकाकडे पळायची वाट मोकळी ठेवतो म्हणून गोळ्या बिळापासून बाहेर जाणाऱ्या पट्ट्यांत पडतात. पुढची भरती सगळं पुसते. हे मी मातीच्या गोळ्या चिकटवून करून पाहिलं. इवल्या गोळ्या भांड्याच्या आधी सुकतात, आधी आक्रसतात आणि टपटप सुटून पडतात. मग उलट केलं: गोळ्या लावण्याऐवजी गोल टोकाच्या काडीने खड्डे दाबले, मधे मोठे, बाहेर बारीक, आणि मधे एक वाट कोरी सोडली. आमच्याकडे आलेल्या एका कोळणीने ती बशी बघताच "खेकड्यांची भोकां" म्हणून ओळखली. मला तेवढं प्रमाणपत्र पुरलं.

रंगाचा प्रश्न मी दुकानातून सोडवला नाही, देवळातून सोडवला. आपल्याकडच्या आणि गोव्याकडच्या जुन्या देवळांच्या, घरांच्या भिंतींवर कावी काम असतं. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर लाल कावेचा थर, आणि तो ओला असतानाच अणकुचीदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा उघडा पाडायचा. भांड्यावर मी तेच करते, फक्त चुन्याच्या जागी पांढऱ्या चिनी मातीचा लेप. ही पांढरी माती आपल्याच सिंधुदुर्ग जिल्ह्यात निघते. ती नुसती लावली तर पापुद्रा सुटतो, कारण तिचं आक्रसणं आणि भांड्याचं आक्रसणं वेगळं. म्हणून तिच्यात थोडी भांड्याचीच माती मिसळायची आणि भांडं अजून गार, ओलसर असतानाच लावायची. वर कावेचा थर, मग कोरणं. सुरंगीचा गजरा, पोफळीचा घड, तिवराची चिखलातून वर आलेली मुळं, असलं काही रेघांतून छान येतं.

रेघ किती खोल असावी हे मात्र मी कुडोपीच्या सड्यावर शिकले. मालवण तालुक्यातली तिथली कातळशिल्पं दुपारी बघायला गेलं तर डोक्यावरच्या उन्हात अर्धी दिसतच नाहीत. ऊन कललं की खोदलेल्या चरांत सावली भरते आणि आकृत्या एकदम वर येतात. २०२२ साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेल्यावर त्यांच्या वयाबद्दल नि अर्थाबद्दल पुष्कळ बोललं जातं. मला कामाची वाटली ती सावली. तेव्हापासून मी रेघ बारीक आणि उथळ काढत नाही. रंग नसला तरी नुसत्या सावलीने दिसली पाहिजे, एवढी खोल काढते.

शिंपल्यांबद्दल एक सांगायलाच हवं, कारण पर्यटक नेहमी तेच मागतात. "मडक्यावर शिंपले लावून द्या ना!" वरून गोंदाने चिकटवायचे तर ती माझी नावड झाली, बाकी काही बिघडत नाही. पण मातीत दाबून भाजायचे म्हटलं तर रसायन आडवं येतं. शिंपला म्हणजे चुनखडी. साधारण आठशे-नऊशे अंशांपुढे तिचा कळीचा चुना होतो. कोकणात पूर्वी शिंपले भाजून चुना करत ते याच न्यायाने. भट्टीतून भांडं धड बाहेर येतं. मग तो चुना हवेतला ओलावा पितो आणि फुगतो, आणि भांड्यातून टिकली उडते. मुद्दाम बघायचं म्हणून मातीत शिंपल्याची भरड घालून काही पणत्या भाजल्या आणि पडवीत ठेवून दिल्या. आमच्या दमट हवेत त्या आठवड्याभरातच देवी आल्यासारख्या दिसायला लागल्या. शिंपल्याचा ठसा घ्यायला काहीच हरकत नाही, शिंपला मात्र काढून घ्यायचा. माती समुद्राजवळची असेल तर तिच्यावर लिंबू पिळून बघावं. फसफसली तर तिच्यात शिंपल्याचा चुरा आहे.

आणि मग सुकवणं, ज्याच्यावर माझं सगळ्यांत जास्त लक्ष जातं. पावसाळ्यात काम बंदच. आषाढ-श्रावणात गणपतीच्या शाळांतली, म्हणजे मूर्ती घडवायच्या जागांतली, मंडळी दमट हवेशी झगडतात तशी झगडायची माझी तयारी नाही. आणि शाडूची मूर्ती भाजायची नसते, भांड्याला तर भट्टीत जायचं असतं. खरा मोसम दसऱ्यानंतर. सकाळी मतलई वारा असतो, जमिनीकडून येणारा, कोरडा. तो भांड्यांना चांगला. अकराच्या पुढे वारा फिरतो आणि समुद्राकडून खारा वारा सुटतो, तो पडवीतून आडवा घुसतो. वाऱ्याकडची बाजू आधी सुकते, आधी आक्रसते, आणि वाडगा तिकडे ओढला जातो. थाळ्यांच्या कडा वर उचलतात. म्हणून सकाळी भांडी पडवीत आणि वारा फिरायच्या आत ती उचलून माजघरात. काठ आधी सुकतो, बूड मागे राहतं, त्यासाठी काठावर ओलसर फडकं आणि काठ धरला की भांडं उपडं. थाळ्या दोन फळ्यांच्या मधे, रोज उलटून. सासूबाई म्हणायच्या, "लहान पोरांका इतक्यांदा कोणी कूस बदलीत नाय." बरोबर होतं त्यांचं. पण भांडं गालाला लावून गार लागलं की आत अजून पाणी आहे, आणि पाणी आत असताना आगीत गेलं की वाफ त्याचे तुकडे करते. गालाची ही परीक्षा काकींची. माझ्याकडे दुसरी कुठलीच नाही.

भाजणं काकींच्या आव्यात, म्हणजे रचून केलेल्या कुंभारी भट्टीत, त्यांच्या दिवाळीच्या पणत्या आणि मडक्यांबरोबर. खाली शेणी आणि नारळाची सोडणं, मधे भांडी, फटींत करवंट्या, वरून चुडतं आणि भाताचं गवत, सगळ्यावर चिखलाचा लेप आणि धूर जायला भोकं. आधी कितीतरी वेळ नुसता धूर. घाई करणाऱ्याची भांडी याच वेळी फुटतात. मग रात्री भोकांतून आतला लाल रंग दिसायला लागतो. आधी काळपट लाल, मग स्वच्छ लाल. विजेच्या भट्टीचा आकडा बघायची सवय असलेल्यांना हे ढोबळ वाटेल. पण काकींचा मुलगा तो रंग बघून कुठल्या बाजूला गवत टाकायचं हे सांगतो, आणि माझ्या अनुभवात तो चुकत नाही.

थोडी भांडी मला काळी हवी असतात, भरतीच्या रेषेजवळच्या ओल्या खडकाच्या रंगाची. ती तापलेली असतानाच तूस आणि शेणीच्या भुग्यात गाडून हवा बंद करायची. हवा मिळेनाशी झाली की आग मातीतल्या लोहाकडचा प्राणवायू ओढून घेते, आणि लाल लोह काळं पडतं. धुरातला कोळसाही मुरतो. कुठे हवा शिरली तर तिथे लाल ढग राहतो. ते ढग मी ठरवून आणू शकत नाही. आले की ती भांडी स्वतःसाठी ठेवते.

आवा उघडायची घाई मात्र कोणीच करायची नाही. मातीतल्या गारगोटीच्या कणांची रचना ५७३ अंशांना बदलते. तापताना ते एकदम फुगतात आणि निवताना एकदम आकसतात. त्या वेळी गार वारा लागला तर भांड्याला केसासारखी चीर जाते, कधी आवाज करून, कधी गुपचूप. काकींना आकडा माहीत नाही. राखेत उघडा हात घालून चटका बसत नाही तोवर त्या कोणाला जवळ येऊ देत नाहीत.

चकाकी, म्हणजे भांड्यावर भाजून बसवायचा काचेसारखा थर, हे माझं अजून अर्धं राहिलेलं काम. आमची माती बाराशे अंशांची धग सोसत नाही, फुगते आणि वाकते, म्हणून स्टोनवेअरच्या भांड्यांची राखेची चकाकी तिच्यावर चालत नाही. सावंतवाडीत एका ओळखीच्यांकडे विजेची लहान भट्टी आहे, तिथे हजार-साडेदहाशेवर बसणारी, शिसं नसलेली चकाकी मी आतल्या अंगाला लावून आणते. पण आपलं खाणं आंबट. कोकम, कैरी, चिंच. म्हणून प्रत्येक नव्या मिश्रणाच्या कपात आमसुलं भिजवून रात्रभर ठेवते. सकाळी धुतल्यावर आतली चमक मंद झाली असेल तर ते मिश्रण बाद. ते कप पेनं ठेवायला. सध्या एकच मिश्रण या परीक्षेला उतरलंय, जरा निळसर, मला फारसं न आवडणारं. सोलकढी त्यात विचित्र रंगाची दिसते.

सासूबाईंना चकाकी नकोच आहे. त्यांना तिसऱ्यांच्या, म्हणजे खायच्या शिंपल्यांच्या, कालवणाला साधं मडकं हवंय, रुंद तोंडाचं, डाव सगळीकडे फिरला पाहिजे असं. ते केलंय. आधी एक दिवस पाण्यात बुडवून ठेवलं, मग त्यात पेज शिजवली, म्हणजे भाताची खळ बारीक छिद्रांत बसते आणि कालवण झिरपत नाही. पहिली पेज थोडी मातकट लागली. दुसऱ्यांदा नाही.